साधे पॅनकेक, त्यात काय एवढं?

…आणि वर मलाच विचारतात, ‘साधे पॅनकेक तर आहेत, त्यात काय एवढं?’ त्यात काय एवढं म्हणे! नाही नाही, मी बसत नाही, तुम्ही बसा, मला हल्ली बसवतच नाही, रविवार जवळ आला की पाय आपोआप ओट्याकडे वळतात, उभ्या उभ्याच सांगतो. मैदा चाळा, अंडी फोडा, दूध ओता, लोणी वितळवून घाला, मीठ चिमूटभर, बेकिंग पावडर त्याहून थोडी जास्त, आणि मग ढवळा. पण फार ढवळायचं नाही! गुठळ्या राहिल्या पाहिजेत, पण दिसता कामा नयेत. आता हे असलं गणित कुणी कुठल्या शाळेत शिकवलं होतं का, तुम्हीच सांगा…

तुम्हाला सांगतो, मी रंगाच्या दुकानात कामाला. लोक भिंतीचा पोपडा रुमालात बांधून आणतात, कुणी जुन्या दाराची ढलपी आणतं, ‘अगदी अस्साच पाहिजे’ म्हणतात, मी डबा उघडतो, ह्यातले थेंब, त्यातले थेंब, यंत्रात घालून घुसळतो आणि अस्साच देतो. गिऱ्हाईक परत आलं तर ते दुसरी खोली रंगवायला येतं, तक्रार घेऊन नाही. असा मी माणूस. आणि मला साखरेनं रडवलं! वाटीभर साखरेनं!

तर आमच्याकडे दर रविवारी सकाळी पॅनकेक. ही माझ्या घरात आली तेव्हापासून. हिच्या आईची कृती, हिच्या हातचे पॅनकेक आणि त्यावर हिचंच सिरप. दुकानातल्या बाटलीतलं नाही हं, ते आमच्या घरात कुणी दारातसुद्धा घेणार नाही. घरी केलेलं. साखर पातेल्यात, थोडं पाणी, गॅस अगदी बारीक, आणि मग ती साखर सावकाश सोनेरी होते, मग तांबूस, मग अशी काळपट होते की बघणाऱ्याला वाटावं गेलं, आता टाकून द्या… आणि नेमकं तिथे गरम पाणी, लोण्याचा गोळा, लिंबाचे दोन थेंब. खाताना आधी गोड, त्यामागून किंचित कडू, आणि घास गिळल्यावर जिभेवर एवढास्सा करपलेला वास. त्या वासासाठी आमचं अख्खं घर रविवारी लवकर उठायचं. माझे वडील, अण्णा, कवळी अजून पाण्यात आणि हे ताटलीपुढे! मुलगी आमची कॉलेजात, घरातल्या सगळ्यांच्या चुका काढायचं खातं तिच्याकडे, पण सिरपच्या बाबतीत तीसुद्धा गप्प. म्हणजे विचार करा.

आणि मग पडदे आले.

पडदे म्हणजे बैठकीच्या खोलीचे. फिकट हिरवे. रंग मी निवडला, लपवत नाही, उत्तम रंग आहे, डोळ्यांना थंड. आता हिची थोरली बहीण, ताई, ती आली, सोफ्यावर बसली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘छान आहेत गं. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं.’ संपलं! ही म्हणाली, ‘तुझ्या घरात दवाखान्याएवढी स्वच्छता असती तर तुला इतकं नवल वाटलं नसतं.’ ताई उठली. पर्स घेतली. छत्री विसरली, पण ती घ्यायला परत आली नाही, भर उन्हापावसात तशीच गेली असती पण माघारी फिरली नसती, ह्या दोघींचं सगळं एकाच मुशीतलं. त्या दिवसापासून फोन बंद. दर रविवारी सकाळी न चुकता येणारा ताईचा फोन, तो बंद. मी म्हटलं, बहिणी आहेत, आठवडाभरात वितळतील. कसल्या वितळतायत!

पुढच्या रविवारी पॅनकेक झाले, सिरप आलं, मी ओतलं आणि बघतो तर पॅनकेकवर काही पडलं की नाही तेच कळेना. पिवळसर, पातळ. अण्णांनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, ‘सूनबाई, साखर विरघळलीय, पुढचं करायचं राहिलंय का?’ त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मग हिने साखर बदलली. पातेलं बदललं. लायटर नवा आणला, आता लायटरचा आणि चवीचा काय संबंध, पण विचारायची सोय होती का? ओट्यापाशी उभी राहायची, पातेल्याकडे टक लावून बघायची, ढवळायची, परत बघायची, आणि मग धीरच निघायचा नाही, पटकन उतरवून टाकायची. अध्येमध्ये फोन ओट्यावरून उचलून फ्रिजवर ठेवायची. फ्रिजवरून टेबलावर. उलटा ठेवायची. मग सुलटा करून बघायची. परत उलटा.

आणि एका रविवारी तिने पॅनकेकचा तो जड तवा घासला, पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. म्हणाली, ‘आता माझ्याच्यानं होत नाही. माझा हातच गेला.’

तुम्हाला सांगतो, चिडून म्हणाली असती तर मी घाबरलो नसतो. चिडलेली ती मला पाठ आहे. पण ती अगदी साधेपणाने म्हणाली, दुधाची पिशवी संपली म्हणावं तसं. आणि मग दिवसभर बरण्या काढ, बरण्या पूस, परत लाव, परत काढ… घरात एक माणूस स्वस्थ बसेना. मला बघवेना म्हणून बोलून गेलो, ‘अगं, साधे पॅनकेक आणि सिरप, त्यात काय एवढं? मी करतो!’

तिने माझ्याकडे बघितलं. आणि स्वतःचा एप्रन काढून माझ्या हातात दिला.

झालं, पुढच्या रविवारी मी एप्रन लावून हजर. जुन्या सिरपच्या बाटलीच्या तळाशी चांगल्या दिवसांतलं थोडं घट्ट राहिलेलं होतं, मी दुकानातलं शेडकार्ड घरी आणलं, बाटली खिडकीत उजेडाला धरली आणि रंग जुळवला. आता मला सांगा, रंग जुळला की बाकी काय राहतं? मोठा गॅस, साखर, भराभर ढवळलं, रंग आला, कार्डाशी धरून बघितलं, तंतोतंत! पाणी ओतलं, लोणी टाकलं, ऐटीत टेबलावर आणून ठेवलं. मुलगी म्हणाली, ‘बाबा, हे रंगाला छान आहे. भिंतीला लावा.’ अण्णांनी चमचाभर घेतलं, डोळे मिटले आणि विचारलं, ‘हे कफावर रात्री घ्यायचं की सकाळी?’

मला तेव्हाच कळायला हवं होतं. भिंतीला घाईघाईने एकच जाड हात मारला की वरून रंग दिसतो आणि आत ओल तशीच राहते, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पण स्वतःच्या घरात कोण ऐकतो? त्याच्या पुढच्या वेळी बारीक गॅसवर ठेवलं, आणि इतका वेळ ठेवलं, इतका वेळ ठेवलं की ते पातेल्यातच बसलं. घट्ट. चमचा आत उभाच्या उभा. ओढून निघेना. अजून निघालेला नाही, त्या पातेल्याला आता दांडा आहे असं धरून आम्ही वापरतो. आणि मुलगी मागून, ‘बाबा, साधे पॅनकेक, त्यात काय एवढं?’ माझंच वाक्य! माझ्याच आवाजात!

शेवटी मी हिच्याकडे गेलो. ही कपड्यांच्या घड्या घालत होती, घातलेल्या घड्या मोडून परत घालत होती. म्हटलं, ‘एक सांग, तू ते किती वेळ ठेवायचीस?’

‘वेळ कुठे बघते मी? होईपर्यंत.’

‘पण झालं हे कळायचं कसं?’

‘कळायचं.’

‘कशावरून?’

‘अहो, कळायचं म्हणजे कळायचं! आता कळत नाही, म्हणून तर…’ आणि तिने आणखी एक घडी मोडली.

मी म्हटलं, ‘बरं, नुसतं करून दाखव. साखर नको, गॅस नको, रिकामं पातेलं घे.’ तिने पहिल्यांदा नाही म्हटलं, मग उठली, ओट्याशी गेली. रिकामं पातेलं ठेवलं. हाताने साखर घातल्यासारखं केलं. पाणी. गॅसचं बटण बारीक केल्यासारखं केलं. आणि मग… आता बघा हं, मी करून दाखवतो… तिची मान अशी डाव्या खांद्यावर वाकडी झाली. आपोआप. खांदा वर आला, मान खाली गेली, आणि ती तशीच उभी. तिला पत्ताच नाही! मी बघतोय, मुलगी बघतेय, आणि ही मान वाकडी करून रिकाम्या पातेल्यापाशी उभी, खांद्यात नसलेला फोन धरून.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला हो. तुम्हाला सांगतो, वर्षानुवर्षं ही सिरप करतच नव्हती. सिरप करत होते माझे साडू! ताईचे यजमान. रविवारी सकाळी ते फिरायला बाहेर पडले की ताई मोकळी व्हायची, लगेच इकडे फोन. इकडे ही साखर ठेवायची, गॅस बारीक करायची, फोन खांद्यात अडकवायची आणि बोलत बसायची, पातेल्याकडे ढुंकूनही न बघता. साडूंची फेरी ठरलेली, त्याच रस्त्याने जाणार, त्याच बाकावर बसणार, परत येणार, ताईच्या दाराची घंटा वाजणार. की ताई म्हणायची, ‘हे आले गं, चल, ठेवते.’ ही म्हणायची, ‘हो, ठेव.’ मग आणखी एक विषय. ‘चल, ठेवते हं.’ आणखी एक विषय. साडू तिकडे दाराबाहेर. मग एकदाचा फोन ठेवायचा, ही वळून पातेल्यात बघायची, ‘अगं बाई!’ आणि गरम पाणी ओतायची. तो जो करपलेला वास, ज्यासाठी आम्ही लवकर उठायचो, तो त्या शेवटच्या दोन विषयांचा होता!

मुलगी म्हणाली, ‘मग सोपं आहे, आईच्या फोनमध्ये जुने कॉल किती वेळ चालले ते बघते आणि टायमर लावते. त्यात काय एवढं?’

बरोबर होतं तिचं. अगदी बरोबर. टायमरने सिरप झालं असतं. पण मला राहून राहून ती वाकडी मान दिसत होती. वाईट वाटलं हो मला. सिरपचं नाही, सिरप गेलं खड्ड्यात, पण बायकोनं रिकाम्या पातेल्यापाशी अशी मान वाकडी करून उभं राहावं आणि आपण घड्याळ लावून पॅनकेक खावेत? माझ्या घशाखाली उतरले नसते. मुलीला म्हटलं, ‘तुला स्वयंपाकातलं काही कळत नाही, गप्प बस.’

रविवारी ही गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, मी माळ्यावरचा तवा काढला, एका शेगडीवर तवा, एका शेगडीवर साखर, एकीवर पाण्याचं भांडं. साडू फिरायला बाहेर पडले असतील असा अंदाज घेतला, आणि ताईला फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला! पहिल्या! म्हणजे फोन तिच्या मांडीवरच असणार.

‘रंगराव?’ ती मला रंगराव म्हणते, दुकानामुळे. ‘तुम्ही? काय झालं? तिला काही झालं का?’

‘नाही नाही, सहज.’

‘सहज? तुमच्या लग्नापासून तुम्ही मला एकदाही सहज फोन केलेला नाही. खरं सांगा. तिचा घसा परत बसला का? मी काही तिची चौकशी करत नाहीये, तुम्हीच फोन केलात म्हणून विचारते. आणि मी विचारलं हे तिला सांगू नका.’

म्हटलं, ‘नाही सांगत.’

‘नका सांगू म्हणजे… अगदीच विचारलं नाही असंही नका सांगू.’

आता तुम्ही माझी अवस्था बघा. फोन मानेत. माझ्या मानेत फोन राहतच नाही, ही जात्याच कशी धरते देव जाणे, माझा घसरतोय, तव्यावर पॅनकेकला बुडबुडे आलेत, उलटायला पाहिजे, उजव्या हातात उलथणं, डाव्या हातात पिठाचा डाव, साखर सोनेरी, आणि ताई बोलतेय, बोलतेय… रविवारी सकाळी काय करायचं कळत नाही म्हणून तिने सगळी कपाटं लावली, मग हे म्हणाले आता शेजाऱ्यांची लाव, म्हणून ती साडूंवरही रुसली… आणि फोन सटकला. पिठात जाता जाता मी कोपराने अडवला, अंगठ्याने दाबला, अंगठ्याला पीठ, काय दाबलं गेलं कुणास ठाऊक, आणि ताईचा आवाज एकदम सगळ्या स्वयंपाकघरात!

‘…मला तिच्यावाचून करमत नाही, रंगराव, खोटं कशाला बोलू? पण पहिला फोन मी का करायचा? मी मोठी आहे. तिने करायला पाहिजे. नुसतं “ताई” म्हटलं असतं तरी चाललं असतं मला.’

मी मागे वळून बघतो तर दारात ही. हातात रिकामी बादली.

ताई म्हणतेय, ‘हॅलो? रंगराव? ऐकताय ना?’ आणि तेवढ्यात तिकडे घंटा वाजली, साडू आले. ‘हे आले वाटतं. चला, ठेवते मी.’

साखर तांबूस झालेली. काळपट व्हायला लागलेली. आता पाणी घातलं तरच. तवा धुरावलाय. ही दारात दगडासारखी उभी. मी नुसता हातवारे करतोय, बोल ना, बोल ना गं, आणि ही मान हलवतेय, नाही. तिकडून, ‘ठेवते हं.’ मी म्हटलं, गेलं, सगळं गेलं, ह्या दोघी आता जन्मात बोलत नाहीत… आणि त्या घाईत मी ते पाण्याचं भांडं उचललं आणि अख्खं पातेल्यात रिकामं केलं. असा आवाज झाला! असं फसफसून वर आलं! वाफेत मी दिसेनासा झालो.

‘अगं बाई, काय जळलं?’ ताई तिकडून ओरडली.

आणि ही, माझ्या मागून, तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘जळलं नाही गं, ताई. ह्यांनी पाणी एकदम ओतलं.’

मग ताई म्हणाली, ‘गरम होतं का तरी?’

‘कोमट असेल.’

‘कोमट? साखरेत? भांड्याचा तळ जायचा!’

‘एक पातेलं आधीच गेलंय. चमचा अडकलाय त्यात.’

‘अडकणारच. आणि उलथणं?’

‘उलटं धरलंय.’

‘वाटलंच मला,’ ताई म्हणाली. ‘तू आधी गॅस बारीक कर बरं. आणि त्यांना बाजूला कर.’

हिने मला बाजूला केलं. गॅस बारीक केला. पुढे येऊन पीठ लागलेला फोन पदराने पुसला आणि खांद्यात धरला. मान वाकडी झाली. तिकडे साडूंची घंटा वाजतेय, वाजतेय, ताई म्हणाली, ‘वाजू दे,’ आणि मी ओट्याच्या कडेला उभा राहून डोळे पुसले. मुलीला सांगितलं, वाफ गेली डोळ्यांत. पडद्यांचं नाव कुणी काढलं नाही. दोघींनी माफीबिफी मागितली नाही. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं माझ्यावरूनच सुरू झालं, माझा एप्रन, माझा चमचा, लग्नात मी कसा बसलो होतो, तिथपर्यंत गेल्या त्या! पण बोलत होत्या हो. आणि सिरप बघाल तर, पाण्याचा एवढा घोटाळा होऊनही, अण्णांनी चाखलं आणि कवळी घ्यायला उठले. ‘आज चावून खातो,’ म्हणाले.

मी म्हटलं, सुटलो. आता तवा तिच्या हातात, फोन तिच्या खांद्यात, मी माझ्या खुर्चीत.

कसला सुटतोय? ही म्हणाली, ‘अहो, आता मला फोन आणि पॅनकेक दोन्ही नाही हो जमायचं, पूर्वी मी कशी करत होते देव जाणे. आणि तुमचा हात बसलाय आता. त्यात काय एवढं?’ वर साडूंनी दाराची किल्ली करून घेतली. घंटा बंद! घंटा नाही म्हणजे ‘ठेवते’ नाही, ‘ठेवते’ नाही म्हणजे फोन संपतच नाही, आणि सिरप कधी उतरवायचं ते माझं मलाच बघावं लागतं, एका हाताने उलटतोय, एका हाताने ढवळतोय, अण्णा ताटली वाजवतायत, मुलगी चुका काढतेय, आणि ही माझ्याच शेजारी, माझ्याच स्टुलावर बसून बहिणीला माझ्याबद्दल एकेक सांगतेय, मागचं-पुढचं सगळं सांगतेय… परवाच्या रविवारी तर मध्येच थांबली, फोनवर हात ठेवला, मला वाटलं, चला, मदत करणार, आणि म्हणते कशी, ‘अहो, जरा हळू ढवळा ना. ताई तुमच्याबद्दल काहीतरी सांगतेय, मला नीट ऐकू येत नाहीये.’

मग काय करणार? ढवळतो हळू.